दुधाचं अनुदान खात्यात येईपर्यंत: नव्याने गोठा घातलेल्यांसाठी

2024 मध्ये आमच्या घरातून रोज 40 लिटर दूध डेअरीला जात होतं. डेअरीतला कोड सासऱ्यांच्या नावाचा, गायींच्या कानातले बिल्ले नवऱ्याच्या नावाने नोंदलेले, आणि दुधाचा पगार जमा व्हायचा माझ्या खात्यात, कारण धारा मी काढते म्हणून सासऱ्यांनीच तसं ठरवलं होतं. घरात याला समजूतदारपणा म्हणतात. संगणकाच्या लेखी मात्र ते तीन वेगळे शेतकरी झाले आणि तिघांपैकी एकाचीही माहिती पुरी नव्हती. सरकारने त्या वर्षी लिटरमागे तीन टप्प्यांत जे अनुदान जाहीर केलं, त्यातलं पहिल्या टप्प्याचं आम्हाला मिळालं नाही. दुसऱ्याचं मिळालं, तेही चार महिने खेटे घातल्यावर.

आम्ही संगमनेर तालुक्यातले. अहिल्यानगर जिल्हा दुधात राज्यात पुढे असला, तरी अनुदानाच्या बाबतीत गावोगाव तोच गोंधळ पाहिला. दोन-चार गायी घेऊन नुकतीच सुरुवात केली असेल तर हे वाचा. नियम राज्यभर सारखे होते, त्यामुळे तुम्ही कोल्हापूरचे असा की बीडचे, कामाला येईल.

हे अनुदान नेमकं काय

पहिली गोष्ट: हे अनुदान बारमाही नाही. दूध पावडर आणि लोण्याचे भाव पडले की डेअऱ्या खरेदीचा दर पाडतात, शेतकरी रस्त्यावर येतो आणि मग सरकार लिटरमागे काही रुपये जाहीर करतं. जुलै 2018 च्या आंदोलनानंतर लिटरला 5 रुपये जाहीर झाले होते, पण ते दूध संघ आणि खाजगी प्रकल्पांच्या हाती जाणार होते. शेतकऱ्याला त्यांनी 25 रुपये दर द्यायचा, अशी ती मांडणी. 2024 मध्ये पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात टाकायचं ठरलं, आणि तिथून आधार, बिल्ला, पासबुक हे सगळं आपल्या गळ्यात आलं. त्या वर्षीचे टप्पे असे:

– 11 जानेवारी ते 10 मार्च 2024 (आधी 10 फेब्रुवारीपर्यंतच होता, मग महिनाभर वाढवला): डेअरीने किमान 27 रुपये द्यायचे, सरकारचे 5.
– 1 जुलै ते 30 सप्टेंबर 2024: डेअरीचे 30, सरकारचे 5.
– 1 ऑक्टोबर ते 30 नोव्हेंबर 2024: डेअरीचे 28, सरकारचे 7.

दुसरा आणि तिसरा टप्पा शेजारी ठेवून बघा. अनुदान 5 चं 7 झालं म्हणून गावात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण डेअरीचे दोन रुपये कमी झाले आणि तेच दोन सरकारने घातले. आपल्या हातात 35 होते, 35 च राहिले. शेजारच्या अकोले तालुक्यात कोतूळला शेतकरी जुलैत धरणं धरून बसले होते ते 40 रुपयांसाठी. म्हणून अनुदानाची बातमी वाचताना नुसता अनुदानाचा आकडा बघू नका. डेअरीने किती द्यायचे आहेत, ते आधी शोधा.

हे सगळं फक्त गायीच्या दुधाला होतं, म्हशीच्या दुधाला नाही. दर धरला होता 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफला (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ). त्याखाली किंवा वर गेलं तर पॉइंटला 30 पैसे कमी-जास्त. पॉइंट म्हणजे 0.1. तुमची एसएनएफ 8.3 लागली तर दोन पॉइंट, म्हणजे 60 पैसे गेले.

आमच्या 40 लिटरला पहिल्या टप्प्याचे 60 दिवस धरले तर 12,000 रुपये, दुसऱ्याचे 92 दिवस 18,400, तिसऱ्याचे 61 दिवस 17,080. एकूण 47,480. आमच्या गोठ्यातला पेंडीचा जवळजवळ तीन महिन्यांचा खर्च त्यात निघतो. एवढ्यासाठी चार कागद नीट करायला हरकत नसावी.

1. दूध कोणाच्या नावावर घालायचं ते आधी ठरवा

गाय घेण्याआधी जमलं तर उत्तमच. डेअरीतला कोड, आधार, बँक खातं आणि गायीचा बिल्ला ही चारही एकाच माणसाच्या नावावर हवीत. आपल्याकडे कोड बहुतेक घरातल्या थोरल्याच्या नावावर असतो, कारण तो तीस वर्षांपूर्वी काढलेला असतो. ती व्यक्ती आता बँकेत जाऊ शकत नाही, बोटांचे ठसे उमटत नाहीत, मोबाईल नाही. अशा नावावर योजना अडकते.

माझं मत स्पष्ट आहे: जी व्यक्ती गोठ्यात राबते तिच्या नावावर करा. बहुतेक घरांत ती बाई असते. आम्ही शेवटी कोड माझ्या नावावर केला. सासऱ्यांना राग येईल असं नवऱ्याला वाटत होतं. ते एवढंच म्हणाले, "मग दह्याचं दूध कमी पडलं तर तुलाच विचारणार."

कोड बदलायला डेअरीत साधा अर्ज लागतो. मात्र जुन्या कोडवर उचल किंवा पेंडीची बाकी असेल तर आधी ती मिटवा, नाहीतर सचिव अर्ज पुढे सरकू देत नाही. आणि बदल महिन्याच्या 1, 11 किंवा 21 तारखेपासून करा. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं आणि अनुदानाची माहितीही त्याच हिशेबाने जात होती. मधेच नाव बदललं की त्या दहा दिवसांचं दूध ना जुन्याचं, ना नव्याचं.

एक सवय मात्र मोडा. शेजाऱ्याचं पाच लिटर आपल्या कोडवर घालणं, भावाचं दूध आपल्या कॅनमध्ये ओतणं. एरवी चालून जातं. अनुदान आलं की ते कोणाचं, यावरून भाऊबंदकी होते.

2. डेअरी निवडताना दोन प्रश्न विचारा

दर सगळेच विचारतात. तुम्ही हेही विचारा: बिल बँकेत देता की रोख? आणि मागच्या वेळी अनुदानाची माहिती तुम्ही भरली होती का?

अनुदानाची अटच अशी होती की डेअरीने ठरलेला किमान दर शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा केलेला असला पाहिजे. रोखीने मोजून देणाऱ्याकडे दूध घातलं की तुम्ही आपोआप बाहेर. अनुदानासाठी शेतकऱ्याने स्वतः अर्ज करायचा नव्हता, माहिती डेअरीने भरायची होती. डेअरीने भरली नाही तर तुमच्याकडे सगळे कागद असून उपयोग शून्य. म्हणून लिटरला 50 पैसे जास्त देणाऱ्या रोखीच्या गवळ्यापेक्षा, बिल वेळेवर बँकेत टाकणारी आणि संगणकावर बसलेला पोरगा थोडा लक्ष देणारा असलेली डेअरी बरी. त्या पोराशी चांगले संबंध ठेवा. चेअरमनपेक्षा तोच कामाला येतो.

3. कानातला बिल्ला

पिवळा, 12 आकडी. गायीचं आधार कार्डच ते. पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगितलं की डॉक्टर किंवा त्यांचा माणूस गोठ्यावर येऊन मारतो आणि भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीवर नोंद करतो. तुमचं आधार आणि मोबाईल नंबर त्याच वेळी द्या. 1 जून 2024 पासून राज्यात बिल्ल्याशिवाय जनावरांची खरेदी-विक्रीच बंद केली आहे, त्यामुळे बाजारातून आणलेल्या गायीला बिल्ला असणारच. खरी गोची इथेच होते.

बिल्ला असतो, पण नोंद जुन्या मालकाच्या नावावर असते. गाय लोणीच्या बाजारातून तुमच्या गोठ्यात आली, दूध तुम्ही घालता, आणि संगणकात ती अजून राहुरीच्या कुणाची तरी आहे. गाय घेताना विकणाऱ्याकडून पावती घ्या, त्यावर बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या, त्याचा मोबाईल नंबर घ्या, आणि आठवड्याच्या आत दवाखान्यात जाऊन नाव बदलून घ्या. परराज्यातून आणलेल्या गायीचं तर आधी हेच काम.

बिल्ला पडतो. गव्हाणीत अडकतो, दुसरी गाय ओढते. नवा मारला की नंबर बदलतो. तो नवा नंबर डेअरीत कळवायचं भान नव्वद टक्के लोकांना राहत नाही (आकडा माझा, अंदाजाने). विकलेली किंवा मेलेली गायही नोंदीतून काढायला सांगा.

आमची चूक याहून साधी होती. नवऱ्याने नंबर चिठ्ठीवर लिहून दिला, आणि त्याचा 1 डेअरीतल्या पोराला 7 वाटला. तेवढ्यावर एक गाय चार महिने आमची नव्हती. म्हणून नंबर लिहून देऊ नका. बिल्ल्याचा जवळून फोटो काढा, सकाळच्या उजेडात, कान पुसून.

4. खातं आणि आधार: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात

"माझं आधार बँकेत दिलेलं आहे" असं प्रत्येक जण म्हणतो. दिलेलं असतंच. पण केवायसीसाठी आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि सरकारी पैसे त्या खात्यात यावेत म्हणून आधार जोडणं वेगळं. दुसऱ्याला आधार सीडिंग म्हणतात, आणि त्याचा वेगळा फॉर्म भरून सही करावी लागते. बँकेत गेल्यावर "आधार लिंक करा" म्हणू नका, "डीबीटीसाठी आधार सीडिंग करा" म्हणा (डीबीटी म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात). शब्द बदलला की टेबल बदलतं.

दुसरं, तुमची चार खाती असली तरी आधारने येणारे पैसे एकाच खात्यात येतात: ज्या बँकेत शेवटचं सीडिंग झालं त्या. मधे कुणी नवीन खातं उघडायला लावलं असेल, फॉर्मवर दहा सह्या घेतल्या असतील, तर पैसे तिकडे वळलेले असू शकतात. आमच्या भावकीतल्या एकाचं अनुदान "आलंच नाही" म्हणून तीन महिने बोंब होती. ते पोराच्या शिष्यवृत्तीच्या वेळी उघडलेल्या खात्यात निवांत पडून होतं. कोणती बँक जोडलेली आहे ते आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंग स्टेटस या ठिकाणी दिसतं. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवरच येतो, म्हणून तो नंबर चालू हवा.

या खात्यांपासून सावध राहा:

– पतसंस्थेचं खातं. आपल्या भागात दुधाचा पगार सर्रास पतसंस्थेत होतो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, तिथे आधारचे पैसे येत नाहीत.
– दोन वर्षं व्यवहार न झालेलं खातं. बँक ते निष्क्रिय करते. शंभर रुपये भरून, केवायसी देऊन ते जागं करा.
– देना, विजया, सिंडिकेट, अलाहाबाद अशा बँकांची जुनी पासबुकं. या बँका 2019 आणि 2020 मध्ये दुसऱ्या बँकांत विलीन झाल्या, आयएफएससी कोड बदलले. डेअरीत मात्र 2016 च्या पासबुकाची झेरॉक्स असते.
– संयुक्त खातं. चालत नाही असं नाही, पण पहिलं नाव तुमचंच हवं.

नावाचं बघा. आधारवर "संगीता भाऊसाहेब", पासबुकात "संगिता भाऊसो", डेअरीत "सौ. संगीताताई". वाचणाऱ्या माणसाला कळतं. संगणकाला नाही. आधार हे मूळ धरा आणि बाकी सगळीकडे तसंच, वेलांटीसकट आणि इंग्रजी स्पेलिंगसकट करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी हे आधी करा, योजना जाहीर झाल्यावर आधार केंद्रावर रांग लागते.

5. डेअरीत काय द्यायचं

एक प्लास्टिकची फाईल करा आणि त्यात हे ठेवा:

– आधार कार्डाची झेरॉक्स, मोबाईल नंबर लिहून
– चालू पासबुकाचं पहिलं पान, खाते क्रमांक आणि आयएफएससी स्पष्ट दिसेल असं
– आधार सीडिंगच्या स्टेटसचा छापील कागद, बँकेचं नाव दिसेल असा
– सगळ्या गायींच्या बिल्ल्यांचे नंबर एका कागदावर, शेजारी फोटो
– विकत घेतलेल्या गायींच्या पावत्या
– मागच्या महिन्याची दुधाची बिलं

दोन प्रती. एक डेअरीत, एक घरात. डेअरीत दिलेल्या प्रतीची पोच आपल्या प्रतीवर सही-शिक्क्यासह घ्या. सचिव हसेल, "ताई, एवढा विश्वास नाही का?" विश्वास आहे, असं म्हणा आणि शिक्का पुढे करा.

नंतर आठवडाभराने जाऊन संगणकावर भरलेली माहिती स्वतः डोळ्याने बघा. आधारचे बारा आकडे, खात्याचे आकडे, बिल्ल्याचे बारा. बोट ठेवून वाचा. हे दहा मिनिटांचं काम आम्ही पहिल्या टप्प्यात केलं असतं, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

6. दहा दिवसांचं बिल जपा

रोजच्या संकलनाची चिठ्ठी मिळते: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. ती थर्मल कागदाची असते, दोन महिन्यांत कोरी होते. फोटो काढा किंवा वहीत उतरवा. अनुदान लिटरवर होतं, म्हणजे लिटर चुकलं की सगळं चुकलं. मोजणी वजनावर असेल तर किलोचं लिटर कसं धरतात ते विचारा. एक लिटर दूध भरतं साधारण 1.03 किलो. किलोचं लिटर चुकीचं धरलं तर तो फरक कुणाच्या तरी पदरात पडतो, बहुधा आपल्या नाही.

दहा दिवसांच्या बिलावर आधी पूर्ण रक्कम आणि मग कपात (पेंड, उचल, शेअर्स) वेगळी दाखवलेली हवी. नुसतं "देय 6,240" असं असेल तर तुम्हाला किमान दर मिळाला की नाही, हे सिद्धच करता येत नाही. पॉइंटला 30 पैशांऐवजी रुपया कापणाऱ्या डेअऱ्याही आहेत. बिलात दरपत्रक जोडून मागा. गावात कुणी मागत नाही म्हणून ते देत नाहीत.

7. पैसे आले नाहीत तर

घाईने बोंब मारू नका. पैसे दुसऱ्या दिवशी येत नाहीत, काही महिने लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर 2024 चं अनुदान तर पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळलं. पण गावातल्या चार लोकांचं आलं आणि तुमचं नाही, असं झालं की लगेच हला. क्रम असा ठेवा.

आधी सीडिंग झालेल्या बँकेत पासबुक भरून घ्या. मेसेजवर विसंबू नका. मग डेअरीत जाऊन तुमच्या कोडसमोर काय दिसतं ते विचारा: माहिती गेलीच नाही, गेली पण त्रुटीत परत आली, की मंजूर होऊन बँकेतून परत फिरली. तीनही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. पहिलं असेल तर डेअरीचं काम. त्रुटी बहुधा बिल्ल्याची किंवा आधारची असते, ती दुरुस्त करून पुन्हा पाठवता येते का ते विचारा. तिसरं असेल तर वरचा मुद्दा 4 पुन्हा वाचा.

डेअरी दाद देत नसेल तर जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. तोंडी सांगून काही होत नाही. अर्जात कोड नंबर, कालावधी, दहा-दहा दिवसांचे लिटर, डेअरीचं नाव, आणि फाईलमधल्या प्रती. आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. मी पहिल्यांदा तसाच अर्ज देऊन आले होते. दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो सापडलाच नाही.

महिनाभरात उत्तर नसेल तर दोन वाटा आहेत. पहिली, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. अर्जाची पोच घेऊन तिथे जा. दुसरी, माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून एवढंच विचारा: अमुक कोडची अमुक कालावधीची माहिती कोणत्या तारखेला प्राप्त झाली आणि तिची सद्यस्थिती काय. "अनुदान का दिलं नाही" असं विचारू नका, त्याला कारणं सांगत बसतात. तारीख विचारली की तारीखच द्यावी लागते, आणि तीही 30 दिवसांत. आमचा अर्ज गेल्यावर अठराव्या दिवशी डेअरीतून फोन आला, माहितीच्या अधिकाराचं उत्तर यायच्या आधी.

या सगळ्या धावपळीत एक फोन हमखास येतो: "दूध अनुदान जमा करायचंय, आलेला ओटीपी सांगा." किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर अनुदानाची यादी म्हणून एक फाईल येते, उघडली की मोबाईलचा ताबा दुसऱ्याकडे. अनुदान जमा करायला कुणालाही तुमचा ओटीपी लागत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि फोन हाताळणाऱ्या पोरांना हे आजच सांगून ठेवा.

शेवटची एक बाब, कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. ज्याच्या नावावर कोड आहे ती व्यक्ती अनुदान यायच्या आधी वारली, तर खातं गोठतं आणि पैसे तिथेच थांबतात. खात्याला वारस (नॉमिनी) लावलेला आहे का ते पासबुकावर बघा. नसेल तर पुढच्या वेळी बँकेत जाल तेव्हा तो फॉर्म भरून या, फुकट असतो.